शिंक्या नाचला का?

८ फेब्रुवारी

सूनबाई,

माझ्या हाताला मैद्याची सवय, पेनाची नाही. तेव्हा अक्षर करपलेलं निघालं तर समजून घे. फोन करता आला असता. पण ती बातमी फोनवरच आली, आणि अजूनही फोन वाजला की तुझ्या सासूबाई भिंतीला हात टेकून उभ्या राहतात. म्हणून मी बेकरीतला फोनही काढून टाकायला सांगितला. गिऱ्हाइकं ओरडतात, ओरडू देत.

सोबतच्या पुडक्यात टोस्ट आहेत. ते तुझे नाहीत, शिंक्याचे आहेत. पावाच्या टोकांचे, भट्टी विझत आली की उरलेल्या धगीत चार तास ठेवलेले. दगड झालेत अगदी. तू चावायला जाऊ नकोस, दात जाईल.

तू जाऊन सहा आठवडे झाले. ड्रायव्हरला जाऊन सव्वा वर्ष. (पोटच्या पोराला मी ड्रायव्हर म्हणतो म्हणून तू हसायचीस. आता सवय कशी सुटणार? ट्रक गेला, धुकं गेलं, नाव तेवढं माझ्या तोंडात राहिलं.)

एकच विचारायचं आहे. शिंक्या नाचला का?

तुला माहीतच आहे सगळं, तरी लिहितो. लिहिताना बरं वाटतं. ड्रायव्हर फेरीवरून आला की घंटी वाजवायचा नाही. ओसरीतल्या फळीवर टोस्टचा पत्र्याचा डबा असायचा, त्याच्या झाकणावर ट्रकच्या किल्लीने दोनदा टकटक करायचा. की आमचे शिंकोबा आधी पुतळा. मग एक कान वर. मग शेपूट, शेपटामागून कंबर, कंबरेमागून सगळा कुत्रा हलायला लागायचा. तीन गिरक्या, कपाटाला शेपटाचे फटके, आणि मग शिंका. कधी चार, कधी पाच. आनंद झाला म्हणून शिंकणारं जनावर मी दुसरं पाहिलं नाही. एवढं होऊनही टोस्टला तोंड लावायचं नाही. आधी धावत जाऊन ड्रायव्हरची डावी सपात आणायची, त्याच्या पायाशी ठेवायची. बूट काढ, आलास आता घरी, असं सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

ड्रायव्हर गेल्यापासून तो एकदाच नाचला. ती गोष्ट सोड.

तिथे नवी हवा आहे, नवी माणसं आहेत. नाचला की कळव. मला दुसरं काही नको.

बाबा


२० फेब्रुवारी

बाबा,

पुडकं मिळालं. जिना चढून खोलीत येईपर्यंत शिंक्या त्याचा वास घेत माझ्या मागोमाग आला, म्हणून मला वाटलं, आता. दार लावून घेतलं, जमिनीवर बसले, एक टोस्ट पुढे केला.

त्याने तो घेतला. पाहुण्याने पोट भरलेलं असताना आग्रहाचा घास घ्यावा तसा घेतला. आणि कॉटखाली नेऊन ठेवला. रोज एक देते, रोज तिकडेच जातो. काल वाकून पाहिलं तर नऊ टोस्ट ओळीने, आणि त्यांच्या शेजारी सपात. निघताना त्याने ती तोंडात धरली होती आणि सोडेना, म्हणून डावी इकडे आली. उजवी तिकडेच असेल.

जेवतो तसा. आजारी नाही. पण नाचत नाही, बाबा. तुम्हाला खोटं लिहावंसं वाटलं होतं. तुम्ही ओळखलं असतं.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. फ्रेमच्या मापाने काच कापायची, कडा घासायच्या, पुसून बसवायची. मालक म्हणतात, हात हलका आहे. लोक चष्मा लावून पहिल्यांदा समोर बघतात तेव्हा जे तोंड करतात ते मला पडद्याआडून दिसतं. तेवढी एक करमणूक. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीचं लाकूड फुगलंय, लागतच नाही, वारा सरळ अंगावर. मालकीणबाई म्हणाल्या सुतार धाडते. म्हणाल्या त्याला महिना झाला.

आई कशा आहेत? विचारू की नको असं होतं. मी निघाले तेव्हा त्या बसपर्यंत आल्या नाहीत. महिनाभर आधीपासून म्हणत होत्या, "तुझं तू बघ आता, इथे कशाला सडतेस," आणि शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "कुत्र्यालाही ने." मला कळलं, बाबा. आम्ही दोघं त्यांना डोळ्यांसमोर नको झालो होतो. ज्याच्यामुळे आम्ही त्या घरात होतो तोच नाही, तर आम्ही कशाला. मी राग धरलेला नाही, एवढं त्यांना सांगा. नाहीतर नका सांगू.

तुमची सून


३ मार्च

सूनबाई,

नऊ टोस्ट साठवले म्हणजे कुत्रा माझ्यावर गेला. मीही असाच, वाईट दिवसांसाठी ठेवून देणारा. या खेपेला थोडे मऊ धाडतोय, साठवले तर बुरशी येईल, म्हणजे खाईल तरी.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. भांडी घासतात, पुन्हा घासतात. त्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस ते तसं नाही. कसं आहे ते मला लिहिता येत नाही. माणूस एक बोलतो, त्याच्या मनात दुसरं असतं, आणि ऐकणारा तिसरंच घेऊन जातो. आमच्या घरात सगळ्यांनी हेच केलं, मीही.

तू शिंक्याला नाचवायला काय वाटेल ते कर. बाहेर ने, चेंडू टाक, शेजारच्या पोरांत सोड. एक मात्र करू नकोस. दोनदा टकटक करू नकोस. डब्यावर नाही, दारावर नाही, कशावरच नाही. का ते विचारू नकोस. डबा मी फळीवरून काढून वर माळ्यावर ठेवला आहे.

सुतार आला नाही तर खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र दुमडून घाल. आम्ही भट्टीच्या दाराला तेच करतो.

बाबा


१७ एप्रिल

बाबा,

नाचला!

सकाळपासून कधी एकदा लिहिते असं झालंय. दुकानात एक काच तिरकी कापली, मालकांनी माझं तोंड बघून दुसरी काच पुढे सरकवली.

सांगते. काल अखेर सुतार आला. चाळिशीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोलायला बेतास बात. खिडकी काढून जमिनीवर आडवी घातली आणि कडेवर रंधा मारायला लागला. खोलीभर भुसा. दुपारी त्याने कोपऱ्यात बसून डबा उघडला. पाव कागदात गुंडाळलेला होता. तो कागद चुरचुरला आणि शिंक्याने डोकं वर केलं. सुताराने पावाचं टोक मोडलं, कडक होतं, आणि त्याच्याकडे न बघताच हात पुढे केला.

पुतळा झाला, बाबा. मी ओट्यापाशी होते, श्वाससुद्धा घेतला नाही. मग कान. मग शेपूट. भुशात तीन गिरक्या, सगळा भुसा हवेत, आणि मग शिंका. सहा! मी मोजल्या. सुतार म्हणाला, "भुसा नाकात गेला बिचाऱ्याच्या." मी म्हटलं, "भुसा नाही हो, आनंद झालाय त्याला." तो शिंक्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एका तुकड्यावर एवढा? माझ्या जेवणाला आजवर कुणी एवढं नावाजलं नाही."

खिडकी आता लागते.

तुमची सून


२४ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र मी बेकरीत वाचलं, घरी वाचलं, आणि मग तुझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या पाठमोऱ्या होत्या. भांडं घासत होत्या. सहा शिंकांपाशी हात थांबला. मला वाटलं रडतील, तर नाही. पाणी बंद केलं आणि म्हणाल्या, "आणि सपात?"

तू गेल्यापासून शिंक्याचा विषय त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

मग मीही पत्र पुन्हा पाहिलं. खरंच की, सपातीचं काही लिहिलंच नाहीस. तुकडा खाल्ला की नाही तेही नाही. घाईत राहून गेलं असेल. पण तेवढं कळव हं. सपातीशिवाय तो नाच अर्धाच. आणली का? कुणाला दिली?

तुझ्या सुताराला सांग, पुढच्या पुडक्यात त्याच्याही नावाचे चार टोस्ट असतील. माझ्या शिंक्याला नाचवलं त्याने.

बाबा


३० मे

सूनबाई,

महिना उलटला, पत्र नाही. शिंक्याला काही झालं का? तुला काही झालं का? टोस्टचं पुडकं मिळालं का?

माझं काही चुकलं असेल तर म्हातारा म्हणून सोडून दे. दोन ओळी लिही. तुझ्या सासूबाई आता रोज विचारतात, पोस्टमन आला का. मला नाही, भिंतीला विचारतात. पण विचारतात.

बाबा


६ जून

बाबा,

घाईत राहिलं नव्हतं. मी लपवलं होतं.

सपात आणली त्याने. सहा शिंका झाल्या, कॉटखाली शिरला, धूळ लागलेली सपात घेऊन आला, आणि ती त्या माणसाच्या पायाशी ठेवली. त्याच्या भुशाने भरलेल्या बुटांपाशी. आणि वर बघत उभा राहिला, बूट कधी काढतोस म्हणून.

मी ओरडले. कशी ओरडले ते मला आठवत नाही, पण खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली. सपात हिसकावून घेतली. शिंक्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आजवर त्याला कधी हात लावला नव्हता, बाबा. तो कॉटखाली गेला तो दोन दिवस बाहेर आला नाही. पावाचं टोक तिथेच भुशात पडून राहिलं. सुताराला म्हटलं, तुम्ही जा. तो हत्यारं गोळा करायला लागला. मग दारात थांबून म्हणाला, "बाई, ती ज्यांची आहे त्यांची जागा मी मागत नाहीये. माझे पाय असेही मोठे आहेत. पण मुक्या जनावराने दिली, तिला नको कसं म्हणू?"

मी तुम्हाला लिहिलं ते या सगळ्यातलं अर्धं. आनंदाचं तेवढं निवडून पाठवलं.

आता उरलेलं. तो चार दिवसांनी खिडकी नीट लागते का बघायला आला. मग दाराची बिजागरी बघायला. बिजागरीला काही झालेलं नव्हतं. शिंक्या बाहेर आला, सुताराने खिशातून पावाचं टोक काढलं, शिंक्या पुन्हा नाचला, पुन्हा सपात. या वेळी मी ओरडले नाही. तो जमिनीवर बसला, सपात मांडीवर घेतली आणि म्हणाला, "माहिती सांगा मला यांची." मी सांगितली. दोन तास सांगत होते. तुमच्या ड्रायव्हरबद्दल इतकं मी कुणाशीच बोलले नव्हते. आणि बोलता बोलता, तो एकदा ट्रकचं स्टेअरिंग स्वप्नात फिरवत कॉटवरून पडला होता ना, ते सांगताना मी हसले. मोठ्याने. हसले आणि चोरी पकडल्यासारखं झालं. दीड वर्षाने हसले ते परक्या माणसासमोर.

मागच्या रविवारी त्याने मला विचारलं. लग्नाचं. मी उत्तर दिलेलं नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही म्हणेन. मनापासून म्हणते. त्या घरातून आईंनी मला काढलं असलं तरी मी स्वतःला तिथलीच समजते. फक्त एक खरं सांगा. शिंक्याला माझ्याबरोबर धाडलं ते माझ्याबरोबर त्याचीही ब्याद जावी म्हणूनच ना?

तुमची सून


१३ जून

सूनबाई,

आता मी लपवलेलं ऐक.

गेल्या नोव्हेंबरात तू चार दिवस माहेरी गेली होतीस. शिंक्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मला बघवेना. संध्याकाळी बेकरीतून आलो, ओसरीत उभा राहिलो, डबा समोर होता. खिशात दुकानाची किल्ली होती. मनात आलं, एकदा नाचू दे बिचाऱ्याला. मी झाकणावर दोनदा टकटक केलं.

नाचला तो. पुतळा, कान, गिरक्या, पाच शिंका. सपात तोंडात घेऊन धावत आला आणि माझ्याजवळून सरळ पुढे पायरीवर गेला. रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी टोस्ट पुढे केला, त्याने पाहिलासुद्धा नाही.

पण तेवढंच नाही झालं. आतून आवाज आला, "आले रे, आले." आणि ही ताट घेऊन बाहेर आली. वाढलेलं ताट, सूनबाई. हात ओले, पदर खोचलेला, आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, काहीच झालेलं नाही असा चेहरा. वर्षभरात मी तो पाहिला नव्हता. मला बघितलं. माझ्या हातातली किल्ली बघितली. मग शिंक्या बघत होता तिकडेच बघत राहिली. अंधार पडेपर्यंत दोघं तशीच, एकाच्या तोंडात सपात, एकीच्या हातात ताट. आणि हे सगळं मी केलेलं. चांगलं करायला गेलो होतो.

त्यानंतर कुत्र्याने नुसता कान टवकारला तरी ही दाराकडे धावायची. म्हणून म्हणाली, कुत्र्यालाही ने. ब्याद म्हणून नाही.

तुझ्याबद्दलचं मला विचारू नकोस. ते मला कधी बोलली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. तुझं पत्र मला झोंबलं. खोटं कशाला बोलू? आमच्या पोराची सपात दुसऱ्याच्या मांडीवर, हेच डोळ्यांसमोर. कणीक मळायला घेतली ती इतकी मळली की सगळे पाव वातड झाले, गिऱ्हाइकांनी परत आणून दिले. दुसऱ्या दिवशी थोडा शांत झालो. शिंक्या ड्रायव्हरला विसरला असता तर तुकडा गिळून मोकळा झाला असता. विसरला नाही म्हणून तर सपात आणली. घरी आलेल्या माणसाचे बूट उतरवायचे, हे तो ड्रायव्हरकडूनच शिकला.

लग्न कर. माझ्या परवानगीची वाट बघू नकोस. माझे डोळे पाणावलेत ते वेगळ्या कारणाने, त्यात तुझा दोष नाही.

तिला मी हे पत्र अजून दाखवलेलं नाही. धीर होत नाही. तुझं यीस्टच्या डब्याखाली ठेवलंय.

बाबा


१५ जून

सूनबाईस,

यीस्टच्या डब्याखाली ठेवलं की मला सापडत नाही असं ह्यांना चाळीस वर्षं वाटत आलंय. ह्यांनी तुला लिहिलेलंही वाचलं, पोस्टात टाकायला पिशवीत होतं. दोन्ही एकदमच येतील तुला.

मला लिहायला वेळ लागतो, म्हणून थोडंच लिहिते.

मी तुला काढलं. खरं आहे. का ते ह्यांना माहीत नाही. तू दुकानातून, बाजारातून, कुठूनही आलीस की मी दार उघडायचे आणि तुझ्या खांद्यावरून मागे बघायचे. रोज. तुझ्या मागे तो असायचा ना नेहमी, पिशव्या घेऊन. वर्षभर तू माझ्या समोर जेवलीस आणि मी एकदाही तुझ्याकडे बघितलं नाही, तुझ्या शेजारच्या पाटाकडे बघितलं. एकदा तू मान वर केलीस, तेव्हा तुझे डोळे दिसले. मेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईच्या घरात तरुण पोर राहिली तर तीही वाटच बघत बसेल. म्हणून म्हटलं, जा. नीट शब्दांत सांगता आलं नाही. मला नीट बोलता येत असतं तर ह्यांना पत्रं लिहावी लागली नसती.

शिंक्याला मारलंस ते बरं नाही केलंस. त्याला माझ्याकडून दोन टोस्ट जास्त दे.

माळ्यावरचा डबा मी काढला, घासला, उन्हात ठेवला. त्यात टोस्ट भरून धाडते आहे. डबा तुझा. डावी सपात शिंक्याची, ती त्याला जिथे न्यायची तिथे नेऊ दे, अडवू नकोस. उजवी माझ्याजवळ आहे. ती मी देणार नाही. त्या माणसासाठी नवीन जोड घे, पाय मोठे म्हणतो ना तो, मापाने घे, चावणाऱ्या चपला फार वाईट.

लग्न झालं की या. तिघंही या. मी ताट वाढून ठेवीन. या खेपेला तुझ्याकडे बघीन, आणि त्याच्याकडेही बघायचा प्रयत्न करीन.

दार त्याला वाजवू दे, सुतार आहे, दाराशी त्याची ओळख असेल. एकदा वाजवू दे. तीनदा वाजवू दे. हातोडीने सगळं दार ठोकून काढलं तरी चालेल.

फक्त दोनदा नको म्हणावं.

आई